पाहुण्याचं जेवण

काचवाल्याच्या हातांवर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं, आणि कोणती रेघ कोणत्या खिडकीने दिली हे तो आठवून सांगू शकायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीला टेकवून उभी केलेली तावदानं, मधे जुनं कांबळं अंथरलेलं लांब टेबल आणि त्यावर काच कापायचा हिरा, लाकडी पट्टी, पुट्टीचा डबा. फुटलेली खिडकी, तडकलेला आरसा, फोटोची चौकट, जे येईल ते काम तो करायचा. बोलायला मोजका होता. पण एका गोष्टीसाठी त्याचं नाव होतं. त्याने घरी येऊन काच बसवली की मागे एक कणी राहायची नाही. काम झालं की ओल्या कागदाचा बोळा घेऊन तो गुडघ्यांवर बसायचा आणि सगळी फरशी टिपून काढायचा, पार पलंगाखालीसुद्धा. घरची बाई म्हणायची, "अहो, राहू द्या, मी झाडते." तो म्हणायचा, "दिसेल ती तुम्ही झाडाल. न दिसणारी पायात जाते."

दुकानाच्या वरच दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायची. बाहेरच्या खोलीत बायकोने आरसा आणि फिरती खुर्ची मांडली होती. तिथे ती बायकांचे केस कापायची. ती बोलायची आणि तो ऐकायचा, ही कामाची वाटणी लग्नानंतर आठवडाभरातच ठरून गेली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल जेवढं बोलायचं तेवढं दोघांनी तरुणपणीच बोलून घेतलं होतं.

कुत्रा त्यांनी आणला नव्हता, तो आपला आपण आला. एका दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडलेला. बायको वरून म्हणाली, "पाहुणा आलाय बघा, पाणी तरी विचारा."

"पाणी पिऊन जाईल," काचवाला म्हणाला.

पाणी पिऊन तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी काचवाला म्हणाला, आज जाईल. असं तो बरेच दिवस म्हणत राहिला, तोवर कुत्र्याचं नाव पाहुणा पडून गेलं. मग पाहुण्याने आधी पायपुसणं, नंतर गिऱ्हाइकांचा बसायचा बाक आणि शेवटी पलंगाचा पायथा असं करत करत सगळं घर ताब्यात घेतलं. बायको केस कापताना तो खुर्चीखाली पडलेला असायचा आणि त्याच्या पाठीवर नाना रंगांचे केस साचायचे. "माझा टोप तयार होतोय," ती गिऱ्हाइकांना सांगायची.

पाहुणा चांगला पोक्त झाला तेव्हा बायको आजारी पडली. आधी नुसता थकवा होता. मग दंडावर, मांडीवर निळे डाग दिसायला लागले, कुठे आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. रक्त तपासलं तर बिघाड रक्तातच निघाला. मोठ्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. केस गळायला लागल्यावर तिने स्वतःच आरशासमोर बसून डोक्यावर मशीन फिरवलं. "गिऱ्हाईक कुरकुर करत नाही, बरं आहे," ती म्हणाली. काचवाला मागे टॉवेल धरून उभा होता.

हॉस्पिटलचे डॉक्टर समजावून सांगणारे होते. पाणी उकळलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, फळ सोलून, गर्दीत जायचं नाही, असं सगळं त्यांनी बजावलं. "तुमच्या अंगात सध्या पहारेकरीच नाहीत असं धरून चाला. साधा चोर आला तरी घर लुटून जाईल." कुत्र्याचं डॉक्टरांनी विचारलं नाही आणि काचवाल्याच्याही डोक्यात आलं नाही. कुत्रा घरचाच होता, त्याचं काय विचारायचं.

बायकोच्या आजारपणात पाहुण्याची आबाळ झाली. त्याला रोज विंचरणारी ती, फिरवून आणणारी ती. काचवाला सकाळी कोरड्या गोळ्यांच्या खाण्याची पिशवी उघडून वाडगं भरायचा आणि कामाला लागायचा. पाहुण्याचं अंग खाजायला लागलं. पंजे चाटून चाटून लाल झाले, कानांना वास यायला लागला, शेपटीजवळचे केस जाऊन उघडी जागा पडली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं की खाज थांबायची, औषध संपलं की परत सुरू. मग त्याने गोळ्या खाणंही सोडलं. वाडग्यापाशी जायचा, वास घ्यायचा आणि तोंड फिरवून पलंगाकडे यायचा. पलंगावर बायको वाटीतल्या सुपाकडे बघून तोंड फिरवत असायची.

"दोन पेशंट आहेत माझ्याकडे," काचवाला मेहुणीला फोनवर म्हणाला, "आणि दोघंही माझं ऐकत नाहीत."

गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात तो पाहुण्याला घेऊन जायचा तेव्हा एक निवृत्त पोस्टमास्तर भेटायचे. त्यांच्याकडे दोन काळी कुत्री होती, इतकी तुकतुकीत की तेल लावल्यासारखी. पाहुण्याची पाठ बघून त्यांनी विचारलं, "काय घालता याला?"

काचवाल्याने सांगितलं.

"बंद करा ते. कच्चं मांस घाला. थोडं काळीज, मऊ हाडं, सगळं कच्चं. हाड मात्र शिजवलेलं कधी नाही, ते आतून फाडतं. यांच्या वाडवडिलांनी कधी गॅस पेटवला होता का?"

काचवाल्याने घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं. बायको उशीला टेकून बसली होती. ती हसली नाही.

"घालून बघू या की," ती म्हणाली.

"कच्चं? घरात?"

"माझ्या तोंडाला तर सगळं पत्र्यासारखं लागतंय. निदान घरात एकाला तरी जेवण गोड लागू दे."

दुसऱ्या दिवशी तो बाजाराच्या टोकाला मटणवाल्याच्या दुकानात गेला. मटणवाला जाडजूड, गप्पिष्ट माणूस. काचवाल्याने कोंबडीच्या माना, थोडं काळीज आणि चरबी काढलेले तुकडे मागितले, आणि शिजवायला नकोत, तसेच हवेत, असं हळूच सांगितलं. मटणवाल्याने सुरा ओंडक्यावर टेकवला.

"तसेच? कोणाला?"

"कुत्र्याला."

"हुश्श. मला वाटलं घरी कोणी अंगात येणारं आहे की काय." मग तो गंभीर झाला. "बाईंचं कसं आहे?"

"चाललंय."

मटणवाल्याने तुकडे निवडून दिले आणि त्या दिवसापासून पाहुण्याचा वाटा रोज बाजूला काढून ठेवायला लागला. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारीण म्हणाली, "काचवाल्याचा कुत्रा बनायला पाहिजे होतं, नशीब लागतं." काचवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या दिवशी पाहुण्याला काही कळेचना. वाडग्यातल्या मानेभोवती तो फिरला, एकदा पंजाने ढकलली, मागे सरला. मग ती तोंडात धरून तुरुतुरु आतल्या खोलीत गेला आणि बायकोच्या चपलांपाशी नेऊन ठेवली. तिथे बसून तिच्याकडे बघत राहिला, हे काय आहे ते तू सांग, अशा चेहऱ्याने.

बायको हसली. आधी नुसती ओठांतून, मग खांदे हलायला लागले, मग खोकला आला तरी हसू थांबेना. "अरे, तुझंच आहे ते, वेड्या," ती म्हणाली. "खा. मला नको."

तिने सांगितल्यावर पाहुण्याने खाल्लं. हाड कडाकडा मोडल्याचा आवाज ऐकून काचवाल्याच्या अंगावर काटा आला. पण बायकोचा चेहरा बघून तो फरशी पुसायला बसला. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती.

त्यानंतर पाहुण्याचं जेवण हा घरातला मोठा कार्यक्रम झाला. काचवाला दुपारी दुकान अर्धवट ओढून वर यायचा. गोळ्या हळूहळू कमी केल्या, मांस वाढवलं. सुरुवातीला पाहुण्याचं पोट बिघडलं, मग जागेवर आलं. काळीज जास्त घालायचं नाही हे पोस्टमास्तरांनी बजावलं होतं. पाहुणा त्याचीच वाट बघायचा आणि काळीज शेवटी मिळणार हे कळल्यावर बाकीचं भराभर गिळायला लागला. बायको पलंगावरून त्याला रागवायची, "सावकाश, कोणी हिसकावत नाहीये." जेवून झालं की तो थेट तिच्याकडे यायचा आणि तिचे हात चाटायचा. त्याच्या अंगावर मऊ केस उगवायला लागले होते. ती बसल्या बसल्या कंगवा फिरवायची. "माझे जातायत आणि याचे येतायत," ती म्हणायची. "घरातला हिशेब जुळला."

महिना-सव्वा महिन्याने काचवाला पाहुण्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी कान तपासले, शेपटीजवळची जागा बोटांनी चाचपली आणि भुवया उंचावल्या. "छान आहे की. काय केलंत?"

त्याने सांगितलं. त्याला जरा अभिमानच वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "कुत्र्याला मानवलंय, ते दिसतंय. पण घरी लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी कोणी?"

"बायकोची केमो चालू आहे."

त्यांनी मोजे टोपलीत टाकले. "मग हे बंद करा. किंवा शिजवून घाला, हाडं काढून. कच्च्या मांसात जंतू असतात. कुत्र्याला काही होत नाही, पण ते त्याच्या तोंडात राहतात, विष्ठेत राहतात. तो चाटतो, अंगावर घेतो, सगळीकडे फिरवतो. तुम्हाला झालं तर दोन दिवस पोट बिघडेल. त्यांना झालं तर साधं राहणार नाही."

"भांडी वेगळी आहेत. मी सगळं धुतो, पुसतो."

"तुम्ही कराल हो. कुत्र्याची जीभ कशी पुसणार?"

घरी येताना काचवाल्याने वाक्य जुळवलं. बाई सांगत होत्या, शिजवून घालू, फरक पडणार नाही. एवढंच बोलायचं होतं. जिना चढून वर आला तर पलंग रिकामा. बायको स्वयंपाकघरात उभी होती, एक हात ओट्यावर टेकवून. तिने केस रंगवायचे जुने हातमोजे घातले होते आणि पाटावर काळीज कापत होती, लहान लहान, सारखे तुकडे. बाजूला सुपाची वाटी होती, अर्धी संपलेली.

"आलात? हे बघा, मीच केलं आज," ती म्हणाली. "आणि निम्मं सूप प्यायले, विचारू नका. याचं कापता कापता भूकच लागली मला."

पाहुणा तिच्या पायांत घोटाळत होता. काचवाल्याने पिशवी खाली ठेवली.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"बरा आहे म्हणाल्या," तो म्हणाला. "कान चांगले झालेत."

तेवढंच सांगितलं. तिच्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाला, "तू बस, उरलेलं मी करतो." तिला खुर्चीवर बसवून हात साबणाने धुतले, एकेक बोट घासून, जसं लहान मुलाचे धुवावेत तसं. ती म्हणाली, "मोजे होते की." तो म्हणाला, "असू दे."

त्या दिवसापासून त्याने साफसफाईचा सपाटा लावला. मांसाचा पाट खाली दुकानात नेला. पाहुण्याला गॅलरीत खायला घालायचा, नंतर तोंड पुसायचा, फरशीवर जंतुनाशक ओतायचा, ओल्या कागदाचा बोळा घेऊन कोपरा न् कोपरा टिपायचा. न दिसणारं उचलण्यात त्याची हयात गेली होती. आपण नीट केलं तर काही राहणार नाही, असं त्याने स्वतःला पटवलं. आतल्या खोलीचं दार त्याने लावून घेतलं. पाहुण्याने एक सकाळ दाराशी बसून रडत काढली.

"त्याला का कोंडलंय बाहेर?" आतून बायको म्हणाली.

"तुला आराम मिळावा म्हणून."

"आरामाने कंटाळा आलाय मला. उघडा."

त्याने उघडलं. पाहुणा उडी मारून पलंगाच्या पायथ्याशी गेला, आणि बायकोने त्याच्या मानेत हात घातला.

ताप आला तो पुढच्या केमोनंतर. आधी थंडी वाजली, मग पोटात मुरडा आला, मग अंग चटके बसावेत इतकं तापलं. त्याने तिला शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. जाताना पाहुणा जिन्यापर्यंत आला. "याला जेवायला घाला हं," ती शेजारणीला म्हणाली.

रक्तात जंतू सापडले. डॉक्टर काचवाल्याला बाहेर घेऊन आले. जंतूचं नाव त्यांनी सांगितलं, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. "हा बहुतेक खाण्यातून येतो. कच्चं अंडं, न उकळलेलं पाणी, कच्चं मांस. घरात असं काही?"

"मांस," काचवाला म्हणाला. "कुत्र्यासाठी आणत होतो. कच्चं."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "त्यातूनच आला असं मी सांगू शकत नाही. कुठूनही येऊ शकतो. पांढऱ्या पेशी इतक्या खाली असताना आपल्या स्वतःच्या पोटातले जंतूसुद्धा उलटतात. तुम्ही आता तो विचार करू नका."

काचवाल्याने मान हलवली. त्यानंतर त्याने दुसरा कोणताही विचार केला नाही.

बायको काही दिवस झुंजली. शुद्धीवर असायची तेव्हा ओठ ओले करायला पाणी मागायची. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "पाहुणा जेवला?"

"जेवला."

"काय घातलंत?"

"तेच. नेहमीचं."

खरं म्हणजे त्याने शेजारणीला गोळ्यांची पिशवी देऊन ठेवली होती. बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं असं त्याला वाटलं. त्यालाही बोलायचं होतं. तो तिचा हात धरून बसला, हातावरच्या सुईच्या चिकटपट्टीचं टोक अंगठ्याने दाबत. मग नर्स आली, बाटली बदलायची होती. दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर बायको गेली.

घरी परत आल्यावर काचवाल्याला कुत्रा डोळ्यांसमोर नकोसा झाला. तो मारायचा नाही, ओरडायचा नाही. वाडग्यात गोळ्या टाकायचा आणि पाठ फिरवायचा. पाहुणा पलंगाच्या पायथ्याशी, रिकाम्या गादीकडे तोंड करून बसायचा. काही आठवड्यांत पंजे परत लाल झाले. खाजवण्याचा खरखर आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा आणि काचवाला उठून खाली दुकानात जाऊन बसायचा. दुकानात कामही धड होत नव्हतं. हिरा सरळ चालेना, काच भलतीकडेच तडकायची. गिऱ्हाइकं समजून घेत होती.

एका सकाळी त्याने पाहुण्याला दोरी लावली आणि मटणवाल्याकडे नेलं.

"याला ठेवून घ्याल?"

मटणवाल्याने कुत्र्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काही चुकलं का याचं?"

"याचं काही नाही चुकलं. मला जमत नाहीये."

मटणवाल्याने सुरा बाजूला ठेवला. दोरी हातात घेतली. काचवाला वळला तेव्हा पाहुणा उठून उभा राहिला, पण ओढ घेतली नाही. काचवाल्याला त्याचंच जास्त लागलं.

बायकोची धाकटी बहीण कपडे आवरायला आली ती त्यानंतर. ती शाळेत चित्रकला शिकवायची, बहिणीसारखीच बोलकी. कपाट उघडून साड्या बाहेर काढता काढता तिने विचारलं, "भावोजी, कुत्रा कुठंय?"

"दिला."

"कोणाला? ताईचा पाहुणा दिला?"

मग त्याने सांगितलं. आयुष्यात एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, घरी येताना काय ठरवलं होतं, ओट्यापाशी ती कशी उभी होती, सुपाची वाटी, सगळं. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "माहीत असून मी बोललो नाही. तुझी ताई माझ्यामुळे गेली."

मेहुणी हातातली साडी तशीच धरून पलंगावर बसली. बराच वेळ घडी घालत राहिली. घालायची, मोडायची.

"तिलाही माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंनी तिला विचारलं होतं, घरी कुत्रा आहे का. तिने गमतीत सांगितलं, आमच्या कुत्र्याला काय खुराक आहे म्हणून. त्या बाई तिला रागावल्या. म्हणाल्या, मांस बंद करा, कुत्र्याला लांब ठेवा. मला फोन करून ताईने सगळं सांगितलं." मेहुणीचा आवाज फुटला. "मी म्हटलं, भावोजींना सांग. तर म्हणाली, अजिबात नाही. त्यांना कळलं की ते उद्याच्या उद्या पाहुण्याला बाहेर काढतील. केस गेले, काम गेलं, चव गेली. सगळं काढून घेतलंय माझ्याकडून, हे एवढं राहू दे. असं म्हणाली. माझ्याकडून शपथ घेतली. मी तरी सांगायला हवं होतं."

काचवाला उठला. आरशाकडे गेला, परत आला. फिरत्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"कधी?" त्याने विचारलं. "हा फोन कधी केला होता?"

"तुम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलात ना, त्याच्या आधी. तेव्हा ती घाबरली होती, तुम्हाला तिथे कोणी सांगेल म्हणून. संध्याकाळी परत फोन केला. म्हणाली, काही बोलले नाहीत ते. वाचले मी."

म्हणजे त्या दिवशी ती ओट्यापाशी हातमोजे घालून उभी होती ती माहीत असून. त्याचा चेहरा वाचत होती. आणि तो खोटं बोलल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मेहुणीला वाटलं होतं, हे ऐकून त्याचं ओझं थोडं उतरेल. तसं झालं नाही. त्याला राग आला. बायको गेल्यापासून तो स्वतःवर, कुत्र्यावर, पोस्टमास्तरांवर रागावला होता. तिच्यावर पहिल्यांदाच.

"शिजवून घातलं असतं," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं. कुत्रा कशाला काढला असता मी? एक पातेलं चढवायचं होतं. बोलली असती तर. मी बोललो असतो तर." तो खुर्चीत बसला, गिऱ्हाईक बसतं तसा, आरशाकडे तोंड करून. "आयुष्यभर ती बोलली आणि मी ऐकलं. आणि नेमकं हेच..." मेहुणी उठून त्याच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघंही रडली. एकमेकांना थांबवायला कोणी गेलं नाही.

संध्याकाळी दोघं मिळून मटणवाल्याकडे गेली. पाहुणा दुकानाच्या मागच्या बाजूला पोत्यावर पडला होता. त्यांना बघून उठला, शेपूट हलवली, मेहुणीचा हात हुंगला आणि मग काचवाल्याच्या गुडघ्याला डोकं टेकवून उभा राहिला.

"खातो का?" काचवाल्याने विचारलं.

"खातो. पण माझ्या हातचं नाही. मी आत गेलो की खातो," मटणवाला म्हणाला. "तुमचा आहे तो. मी आपला ठेवून घेतला होता. तुम्ही याल असं वाटलंच होतं."

काचवाल्याने तुकडे मागितले, हाडाशिवाय. घरी येऊन पातेल्यात पाणी घातलं आणि मांस पूर्ण शिजेपर्यंत गॅससमोर उभा राहिला, दोन-तीनदा चमच्याने उलटं करून बघत. पाहुण्याने वाडगं हुंगलं, निराशेने वर बघितलं आणि थोड्या वेळाने खाल्लं.

डॉक्टरीणबाईंनी शिजवलेल्या जेवणाबरोबर द्यायला पूड दिली, कानांसाठी थेंब दिले. अंगावरचे केस राहिले. कान मात्र पुन्हा पहिल्यासारखे बरे झाले नाहीत. दिवसातून दोनदा थेंब घालावे लागतात आणि पाहुण्याला ते मुळीच आवडत नाही. बाटली दिसली की तो टेबलाखाली शिरतो, काचवाला गुडघ्यांवर बसून त्याला मागचे पाय धरून ओढून काढतो.

मेहुणी दर रविवारी जेवायला येते. परवा ती आली तेव्हा अशीच झटापट चालली होती. तिने कुत्र्याचं डोकं धरलं, काचवाल्याने थेंब सोडले आणि कानाचा बुडखा हलक्या हाताने चोळत राहिला.

"अजून राग आहे का ताईवर?" तिने विचारलं.

काचवाल्याने दुसरा कान वर केला. "आहे," तो म्हणाला. "कमी होतोय. सकाळी जास्त असतो."

"आणि स्वतःवरचा?"

काचवाल्याने बाटली पुन्हा हातात घेतली. थेंब घातला आणि पाहुण्याला सोडून दिलं.